महालातल्या वाड्यात निघालेली ट्रंक आणि जेलचे कागद

तुम्ही विचारलेलं थोडक्यात असं, की नागपूरच्या महाल भागातला वाडा बिल्डरला दिलाय, दिवाळीनंतर रिकामा करून द्यायचाय, आणि माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक निघाली. आजोबा बेचाळीसच्या आंदोलनात जेलमधे होते, मोठे काका आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय स्थानबद्ध करायच्या कायद्याखाली, आत होते, दोघांची पत्रं, वह्या, कात्रणं, सरकारी कागद, एक ताम्रपट, सगळं एकात एक. एक भाऊ म्हणतो निवडक पत्रं लॅमिनेट करून फ्रेम करू, अमेरिकेतला म्हणतो डायऱ्या मला द्या, काकू म्हणतात दोनचार कागद जाळूनच टाका, आणि एक गृहस्थ सगळं विकत घ्यायला तयार बसलेत. आता काय करायचं?

माझं सगळं आयुष्य जुन्या कागदांत गेलं, रिटायर झाल्यावरही लोक ट्रंका घेऊन येतात किंवा मला बोलावतात, आणि तुमच्यासारखी केस नागपुरात दर दोनचार महिन्यांनी येऊनच राहिली आहे कारण लोक जुने वाडे पाडून राहिले. म्हणून जरा लांब लिहितो, सावकाश वाचा.

पहिलं म्हणजे ट्रंक फरशीवर ओतू नका. आजोबांचं इकडे, काकांचं तिकडे, महत्त्वाचं वर, फालतू खाली, असं लावायची सगळ्यांनाच घाई होते आणि तिथेच अर्धी माहिती जाते. कागद ज्या गठ्ठ्यात, ज्या सुतळीत, ज्या फडक्यात बांधलाय ते कोणीतरी बांधलेलं असतं, आणि जेलच्या कागदांच्या बाबतीत तो कोणीतरी म्हणजे आत गेलेला माणूस बहुतेक नसतोच, तो तर आत होता. घरी जिने सांभाळलं तिने बांधलेलं असतं. तुमच्या आजीने आजोबांची बेचाळीसची कार्डं आणि काकांच्या पंच्याहत्तरच्या मुलाखतीच्या, म्हणजे जेलमधल्या भेटीच्या, चिठ्ठ्या एकाच गठ्ठ्यात ठेवल्या असतील तर तो गोंधळ समजू नका, आधी नवरा आत गेला, तेहेतीस वर्षांनी पोरगा गेला, तिच्या लेखी ते एकच खातं होतं. तुम्ही ते वेगळं केलं की तुम्हाला दोन पुढाऱ्यांच्या फायली मिळतील आणि आजी गायब होईल. तर आधी ट्रंक उघडी ठेवून वरून फोटो काढा, एक थर उचलला की परत फोटो, प्रत्येक गठ्ठ्यावर वेगळ्या चिठ्ठीवर मऊ पेन्सिलने नंबर, गठ्ठा १, गठ्ठा २, बस. मूळ कागदावर पेनने काही लिहायचं नाही, स्टेपल मारायची नाही, पिवळ्या चिकट चिठ्ठ्यासुद्धा लावायच्या नाहीत.

आता मुख्य मुद्दा, जो लोकांच्या लक्षात येत नाही. जेलमधलं पत्र दोघांतलं नसतंच, तिघांतलं असतं. लिहिणारा, ज्याला लिहिलं तो, आणि मधे बसून ते वाचणारा जेलचा माणूस. लिहिणाऱ्याला हे माहीत असतं, म्हणून तो मोजून लिहितो, आणि म्हणून मजकुरापेक्षा कधी कधी मजकुराच्या आजूबाजूचं जास्त बोलतं. शिक्के, सही, तारखा, खोडलेल्या ओळी, पाकीट, मागची बाजू. लोक नेमकं हेच फेकतात. "पत्र ठेवलं, पाकीट फाटकं होतं म्हणून टाकलं" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मी फोनवरच आधी विचारतो, पाकिटं आहेत ना?

एक कार्ड कसं बघायचं ते सांगतो, असंच एक माझ्यासमोर आलं होतं म्हणून. साधं पोस्टकार्ड, छापील तिकिटावर जॉर्ज राजाचं तोंड, पोस्टाचा शिक्का अर्धवट पण साल वाचता येतं, ४२. बाजूला जेलचा गोल शिक्का आणि त्यात कोणाचीतरी आद्याक्षरं, ती निळ्या पेन्सिलने. मजकूर नेहमीचा, प्रकृती ठीक, काळजी नसावी, बाळाला शाळेत घातलं का, गायीचं काय झालं. मधल्या दोन ओळी काळ्या शाईने पूर्ण बुजवलेल्या. आणि कडेला, पत्त्याच्या बाजूला उरलेल्या कोऱ्या जागेत, वेगळ्या हाताने, वेगळ्या शाईत, ज्वारी दोन पायली, रॉकेल, मीठ, वाण्याचे मागचे राहिलेले एवढे आणे, आणि खाली एक बेरीज जी जुळत नाही. घरच्यांनी तो हिशोब "कोणीतरी खराब केलंय" म्हणून रबराने पुसायला घेतला होता! अहो तोच तर कागद. कमावता माणूस आत आहे, बाई त्याच्याच कार्डावर वाण्याचं देणं मांडते आहे आणि ते देणं वाढतंय. बेचाळीसवर भाषणं पुष्कळ उपलब्ध आहेत, त्या वर्षी सत्याग्रहीच्या घरी चूल कशी पेटली हे सांगणारं फार कमी शिल्लक आहे. आणि त्या बुजवलेल्या ओळी ब्लेडने खरवडू नका, ओलं बोट फिरवू नका. अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धरून फोटो काढा, लिहिताना कागद दाबला गेला असेल तर काही अक्षरं उठून दिसतात. नाही दिसली तर नाही, पुढे कोणाकडे चांगली यंत्रं असतील.

वह्यांचंही तसंच. आत मिळालेल्या वहीवर पहिल्या पानावर पानांची संख्या आणि अधिकाऱ्याची सही असू शकते, म्हणजे पान फाडून बाहेर चिठ्ठी गेली तर कळावं. भगतसिंगांच्या लाहोर जेलमधल्या वहीवर सुरुवातीलाच ४०४ पानं आणि १२ सप्टेंबर १९२९ तारीख आहे. इटलीत मुसोलिनीच्या काळात जेलमधे टाकलेल्या ग्राम्शी या कम्युनिस्ट नेत्याच्या वह्यांवर जेलचे शिक्के आहेत. त्यामुळे तुमच्या वहीतली पानं मोजा, आकड्याशी ताडून बघा, कमी भरली तर तीसुद्धा नोंद आहे, आणि "कोरी पानं आहेत" म्हणून मुलांना चित्रं काढायला देऊ नका. यात हसण्यासारखं नाही, असं घडतं.

वहीत नुसते श्लोक, भजनं, इंग्रजी शब्दांचे अर्थ, सूतकताईचे आकडे असतील तर निराश व्हायचं नाही. जेल म्हणजे अनेकांची शाळा होती. विनोबांनी १९३२ मधे धुळे जेलमधे गीतेवर जे सांगितलं ते साने गुरुजींनी तिथेच लिहून घेतलं म्हणून आज आपल्या हातात आहे, म्हणजे बोलणारा एक आणि अक्षर दुसऱ्याचं. आणि आपल्या भागात तर तुकडोजी महाराजांना बेचाळीसमधे अटक होऊन नागपूर आणि रायपूरच्या जेलमधे ठेवलं होतं, त्यामुळे त्या वर्षीची भजनांची वही असेल तर कुठून कॉपी केली, कोणाच्या अक्षरात आहे, खाली तारीख आहे का, हे नीट बघा.

तारखांचा घोळ होणारच. पत्रावर "श्रावण वद्य पंचमी" असतं आणि साल नसतं. अशावेळी वस्तूवरून काढायचं. हिशोब आण्यात असेल तर बहुतेक १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, तेव्हा नवे पैसे आले, पण म्हातारी माणसं पुढेही आण्यात बोलायची हे धरून चाला. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, त्याआधी तो नव्हताच. लेटरहेडवर मध्यप्रांत व वऱ्हाड असेल तर जुनं, महाराष्ट्र शासन असेल तर १९६० नंतरचं. आणि एक खास फसवणारी गोष्ट, डी.आय.आर. हे तीन अक्षरांचं लफडं. आजोबांच्या वेळी दुसऱ्या महायुद्धातले भारत संरक्षण नियम होते, त्याच्या २६ व्या नियमाखाली लोकांना खटल्याशिवाय स्थानबद्ध करायचे. आणीबाणीत १९७१ च्या कायद्याखालचे नियम होते, लोक त्यालाही डी.आय.आर.च म्हणायचे. तर एखाद्या चिठ्ठीवर नुसतं डी.आय.आर. दिसलं म्हणून ती काकांची असं धरू नका, कागद, टाईप, सही, शिक्का बघा. आजोबांची काही टिपणं मोडी लिपीत असतील तर घाबरू नका, मोडी वाचणारे लोक नागपुरात आहेत, पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग होतात तिथून निघालेले तरुणही आहेत. फक्त त्यांना मूळ कागद घरी नेऊ देऊ नका, फोटोवरून वाचता येतं.

आजोबांची अधिकृत नोंद कुठे मिळेल हेही विचारलंत. इथे आपल्या नागपूरच्या भूगोलाने घात केलाय. तेव्हा नागपूर मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी, जेलं जबलपूर, शिवनी, रायपूर, सगळीकडे, आणि कैदी सतत इकडून तिकडे हलवायचे. मग १९५६ मधे विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि नागपूरची राजधानी गेली. म्हणजे आजोबा नागपूरचे, पकडले नागपुरात, पण शिक्षा शिवनीला भोगली असेल तर त्यांचं रजिस्टर आज मध्यप्रदेशात शोधावं लागेल, रायपूरला होते तर छत्तीसगडमधे. म्हणून वर्धा रोडवरच्या सेंट्रल जेलने "रेकॉर्ड उपलब्ध नाही" असं लिहून दिलं म्हणजे आजोबा आत नव्हते असं होत नाही, बरीच घरं त्या एका ओळीने खचतात. पाकिटांवरच्या जेलच्या शिक्क्यांवरून आधी आजोबा कधी कुठे होते याची यादी करा, मग अर्ज. सोबत राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख पटल पोर्टलवर गृह खात्याच्या राजकीय फायली शोधा, घरबसल्या होतं. चिमूर, आष्टी, नागपूर अशी गावाची नावं टाका, इंग्रजीत स्पेलिंग वेगवेगळं करून टाका, नुसतं आडनाव टाकून काही सापडत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज करायचा झाला तर लक्षात ठेवा की वीस वर्षांपेक्षा जुन्या घटनांना त्या कायद्यातले बरेचसे नकाराचे आधार लागू होत नाहीत, कलम ८(३) वाचून जा, काउंटरवरच्या बाबूला सांगता येतं.

सरकारनेही आपल्या माणसांचे कागद जपून ठेवलेले असतात, प्रेमाने नाही, पाळतीसाठी. मंडेलांच्या पत्रांच्या नकला ज्या वह्यांत त्यांनी स्वतः उतरवल्या होत्या त्यातल्या दोन एका जुन्या पोलीस अधिकाऱ्याकडे राहिल्या होत्या आणि २००४ मधे त्याने त्या परत दिल्या. म्हणून जप्तीचा पंचनामा सापडला तर तो आधी स्कॅन करा, काय काय नेलं त्याची यादी त्यात असते, कधी कधी आजोबांच्या लायब्ररीचा तेवढाच पुरावा उरतो.

काकांच्या कागदांबद्दल. मिसाची ऑर्डर असेल तर ती एखादंच पान असेल, आणि त्यात का पकडलं हे बहुतेक नसेलच. तुम्ही म्हणाल बाकीची पानं हरवली, पण नाही हरवली. २९ जून १९७५ ला वटहुकमाने मिसा कायद्यात १६-अ कलम घातलं, त्यानंतर कारणं सांगायची गरजच उरली नाही. ऑर्डर टंकलिखित आणि नाव मागून वेगळ्या टाईपने भरलेलं, असंही दिसतं, तो फरक फोटोत स्पष्ट येईल असं काढा. हेबियस कॉर्पसच्या, म्हणजे बेकायदा अटकेविरुद्ध कोर्टात केलेल्या, अर्जाची कार्बन कॉपी असेल तर तारीख बघा. मुंबई हायकोर्टासकट नऊ हायकोर्टांनी असे अर्ज ऐकता येतात असं म्हटलं होतं, मग २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टाने ते दार बंद केलं, एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात होते. मिसाबंदींची पत्रं त्या तारखेच्या आधीची आणि नंतरची शेजारी ठेवून वाचा. आधी "पुढच्या महिन्यात बहुतेक", "दसऱ्याला घरी" असं येत असतं, नंतर सुटकेचा विषयच पत्रातून जातो आणि पुस्तकं, योगासनं, बराकीतली भांडणं, पोराच्या मुंजीचं काय ते तुम्हीच बघा, असं सुरू होतं. बराकीबद्दल लिहिलेलं विशेष जपा, कारण तिथे संघाचे, जनसंघाचे, समाजवादी, जमात-ए-इस्लामीचे असे लोक एकाच वेळी होते, बाहेर जे एकमेकांच्या सावलीला उभे राहत नव्हते ते आत एका चहाच्या भांड्यावर.

यावरून तुमच्या घरातला न बोललेला प्रश्न. आजोबा काँग्रेसचे, काका संघाचे, म्हणून "आजोबांचं गांधीवाद्यांना देऊ आणि काकांचं त्यांच्या लोकांना" असा विचार चाललाय असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. माझं स्पष्ट मत, नका करू. एका घरात बाप एका विचाराने आणि पोरगा दुसऱ्या विचाराने आत जातो आणि दोघांचे डबे एकच बाई पोचवते, हे नागपूरचं खरं चित्र आहे आणि ते फक्त ट्रंक एकत्र राहिली तरच दिसतं. संस्था आपल्या माणसाचं जपते, त्याच्या विरोधकाचं गाळते, मुद्दाम नाही गाळत पण यादी करताना "इतर" मधे टाकते.

आता काकूंचं जाळायचं. तुम्ही लिहिलं नाही पण अंदाज बांधतो, त्यात हमीपत्र असणार, म्हणजे मी यापुढे अमुक कार्यात भाग घेणार नाही असं लिहून दिलेलं. किंवा त्याचा कच्चा मसुदा. हे असतात, बेचाळीसच्याही कागदांत असतात आणि पंच्याहत्तरच्याही, सगळ्या रंगांच्या घरांत असतात, आणि प्रत्येक घराला वाटतं आपल्याच घरात आहे. न जाळता आधी बघा काय आहे. छापील नमुना आहे का, फक्त नाव भरायचं ठेवलेला? सही आहे का, की सहीची जागा कोरी? तारीख काय, आणि त्याच आठवड्यातली घरची पत्रं काय म्हणतात? मी असा एक कागद पाहिलाय ज्याच्या आधीच्याच कार्डात आईच्या ऑपरेशनचं होतं, आणि फॉर्म भरला होता पण सही केली नव्हती, तो तसाच घडी घालून शेवटपर्यंत ठेवला होता. तो जाळला असता तर तो माणूस काय झेलून बसला होता ते कोणालाच कळलं नसतं. सही असली तरी मला त्यात लाज वाटण्यासारखं दिसत नाही, नोकरी गेलेली, घरी पोरं, आत किती दिवस ते माहीत नाही, बाहेर बसून आपण काय बोलणार बाप्पा.

पण काकूंची भीतीही खोटी नाही, आजकाल एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गेला की खानदानाचं नाव घेऊन भांडणं होतात. त्यावर उपाय आहे. असे कागद वेगळ्या पाकिटात सीलबंद करून, संस्थेला देताना दानपत्रात लिहून घ्यायचं की हे पाकीट अमुक वर्षापर्यंत कोणालाही उघडता येणार नाही. वीस वर्षं, तीस वर्षं, काकूंना हवी तेवढी. चांगली संस्था हे मान्य करते. जी म्हणते "आमच्यावर विश्वास ठेवा, लिहायची काय गरज" तिथून उठा. आणि काकूंना हे समजावताना फोनचा रेकॉर्डर त्यांना विचारून चालू ठेवा, ट्रंकेतला एक एक कागद हातात द्या आणि हे काय आहे विचारा. मुलाखतीला कशा जायच्या, कोणाची सायकल, किती वेळ फाटकाबाहेर उभं, डब्यातलं काय आत जाऊ द्यायचे. त्या आहेत तोवर होईल ते, ट्रंक आणखी वर्षभर थांबेल, त्या थांबतील असं नाही.

जतनाचं थोडं पटापट. लॅमिनेशन नाही म्हणजे नाही, गरम प्लॅस्टिक कागदात घुसतं आणि पुन्हा निघत नाही, भावाला हौस असेल तर कलर झेरॉक्स काढून ती फ्रेम करा, भिंतीवर कोणाला फरक कळत नाही. सेलोटेप नाही. गंजलेल्या टाचण्या ओढू नका, मागून पातळ चकती सरकवून सोडवा. पेपरची कात्रणं वेगळी ठेवा, त्यांचा आंबटपणा शेजारच्या पत्राला लागून तांबूस चौकोन उमटतो, कात्रण कुठल्या पानात होतं ते मात्र लिहून ठेवा. लाल कापडात बांधायची जुनी पद्धत आहे पण ओल लागली की रंग उतरतो, त्यापेक्षा धुतलेलं पांढरं सुती कापड. कडुलिंबाचा पाला कागदावर पसरू नका, डाग पडतात, डांबरगोळ्याही थेट कागदात नको. आणि नागपूरकरांसाठी खास, कूलरच्या खोलीत ट्रंक ठेवू नका. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत कूलरची दमट हवा, दिवसरात्र कागद फुगतो आणि आकसतो, शिवाय कसर आणि बुरशीला तर पर्वणीच. भिंतीला न टेकवता, जमिनीपासून वर, आतल्या खोलीत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी घरांत घुसलं तेव्हा खालच्या कपाटात, दिवाणात ठेवलेलं सगळं गेलं. त्यानंतर लोकांनी ओले कागद गच्चीवर उन्हात वाळत घातले, तसं करायचं नाही, चिकटून पापड होतो. पंख्याच्या हवेत, सावलीत, मधे कोरे टीपकागद घालून, आणि शाई पसरत असेल तर हात न लावता आधी तज्ज्ञाला फोन.

स्कॅनिंगला मोबाईलची स्कॅनर अ‍ॅप्स वापरू नका, कारण ती काळंपांढरं करून "स्वच्छ" करतात त्यात पेन्सिल, निळा शिक्का, कागदाचा रंग, सगळं उडतं. साधा कॅमेरा, खिडकीचा उजेड, पुढची बाजू, मागची बाजू कोरी असली तरी, पाकीट, आणि शेजारी पट्टी ठेवून. फ्लॅटबेड मिळाला तर ४०० डीपीआय, रंगीत. फाईलचं नाव गठ्ठ्याच्या नंबरवरून, "आजोबांचं छान पत्र फायनल" असं नको. तीन ठिकाणी कॉपी, त्यातली एक दुसऱ्या गावात. अमेरिकेतल्या भावाला हीच द्या. मूळ डायऱ्या त्याला न्यायच्या असतील तर सांगा की ऐतिहासिक मोल असलेलं पंच्याहत्तर वर्षांहून जुनं हस्तलिखित १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकतं, आणि तसे कागद बॅगेत घालून देशाबाहेर नेणं हा गुन्हा आहे. बेचाळीसचे कागद २०१७ मधेच त्या वयात पोचले.

मालकीबद्दल एक गैरसमज दूर करतो. पत्राचा कागद ज्याला मिळाला त्याचा, पण मजकुराचा कॉपीराईट लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. म्हणजे काकांना इतरांनी लिहिलेली पत्रं तुमच्याकडे आहेत म्हणून ती छापायचा हक्क आपोआप मिळत नाही. संस्थेला देताना कागद आणि कॉपीराईट या दोन गोष्टी दानपत्रात वेगवेगळ्या लिहा, आणि सगळ्या भावंडांच्या सह्या घ्या, नाहीतर दहा वर्षांनी कोणीतरी उठतो.

कुठे द्यायचं तर नागपुरात सरकारी पुराभिलेख कार्यालय आहे, विदर्भ संशोधन मंडळ आहे, विद्यापीठाचं ग्रंथालय आहे, दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागार आणि तीनमूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालय खासगी कागद घेतात. मी नाव सुचवत नाही, तुम्ही जाऊन तीन गोष्टी बघा. दाखल नोंदवही दाखवतात का, आधी कोणी दिलेला संग्रह मागितला तर त्याच दिवशी सापडतो का, आणि वाचायला सामान्य माणसाला बसू देतात का. दुसऱ्या प्रश्नावर बऱ्याच ठिकाणी चहा येतो, कागद येत नाही.

मानधनासाठी किंवा पेन्शनसाठी मूळ कागद कुठल्या ऑफिसात जमा असतील तर तेही मागे लागून मिळवा. बहात्तरच्या स्वातंत्र्यसैनिक पेन्शनला जेलचा दाखला नाहीतर सहबंद्यांची प्रमाणपत्रं लागायची, २०१८ मधे आणीबाणीवाल्यांचं मानधन सुरू झालं, २०२० मधे थांबलं, २०२२ मधे परत सुरू झालं, या प्रत्येक फेरीत लोकांनी ओरिजिनल दिली आणि पोच घेतली नाही. आजोबांच्या पेन्शनच्या अर्जाची कॉपी ट्रंकेत असेल तर ती सोन्यासारखी जपा, त्यात त्यांनी स्वतःच्या शब्दांत कोणत्या जेलमधे कधी, कोणासोबत, हे सगळं लिहिलेलं असतं.

शेवटी तो विकत घेणारा. बहुतेक पाकिटांसाठी आलाय, मजकुरासाठी नाही. सेन्सॉरचा शिक्का असलेल्या पाकिटांना संग्राहकांत चांगली मागणी आहे, आणि मग पाकीट एकीकडे, पत्र दुसरीकडे, तिकीट कापून तिसरीकडे. पैशांची खरंच गरज असेल तर मी विकू नका म्हणणारा कोण, पण आधी सगळं स्कॅन, आणि विकायचं तर अख्खी ट्रंक एका हाती. त्यांना घरी बोलावून "बघून घ्या" असं करू नका, बघता बघता गठ्ठा हलका होतो. ताम्रपट काळा पडलाय म्हणून चिंच किंवा पितांबरी लावू नका, अक्षरं झिजतात, कोरड्या मऊ फडक्याने पुसा आणि ठेवा. आणि वाडा सोडायच्या आधी देवघरामागचा कोनाडा, धान्याच्या कोठीमागची जागा, आणि जुन्या फोटोफ्रेमच्या मागचा पुठ्ठा उघडून बघा, धाडीच्या भीतीने ठेवलेलं सगळं ट्रंकेत नसतं.